फुले योजना गावाकडून तपासली तर: ऑपरेशन फुकट, मग पैसा गळतो कुठे?

दवाखान्याचा खर्च गावात नेहमी एकाच आकड्यात सांगितला जातो. पारावर कोणी विचारलं की उत्तर येतं, "हर्नियाला इतके लागले," "गुडघ्याला तितके लागले." तो आकडा ऑपरेशनचा असतो. घरातून पैसा मात्र चार वाटांनी जातो. भरती होण्याआधीच्या तपासण्या ही पहिली वाट. भरती असतानाचा उपचार ही दुसरी. सुट्टी झाल्यावर महिनोन्महिने चालणाऱ्या गोळ्या ही तिसरी. चौथी वाट सगळ्यात लांब आहे. तिच्यात काळी-पिवळीचं भाडं, सोबतच्या माणसाचं जेवण आणि बुडालेली रोजी येते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना यातली दुसरी वाट जवळजवळ पूर्ण बुजवते. उरलेल्या तीन वाटा बहुतांशी उघड्याच राहतात. योजना कागदावर चांगली आणि प्रत्यक्षातही चांगली असूनही लोक "फुकटच्या ऑपरेशनला चाळीस हजार लागले" असं म्हणतात, त्याचं कारण हेच. ते खोटं बोलत नसतात.

हे परीक्षण विदर्भातल्या खेड्यातल्या कुटुंबाच्या बाजूने केलेलं आहे. नागपुरात राहणाऱ्या माणसाला यातल्या निम्म्या अडचणी जाणवणारही नाहीत.

आधी योजना काय देते ते थोडक्यात. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपल्याकडचे गडचिरोली आणि अमरावती होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर आली, २०१७ मध्ये नाव बदललं आणि २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली. १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि तेव्हा यादीत १३५६ उपचार होते. आधी ही मर्यादा दीड लाखाची होती. आधी पांढऱ्या रेशन कार्डाला योजना नव्हती. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ, वर्धा या ६ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्याला सातबारा दाखवून ती मिळायची, पण चंद्रपूर किंवा भंडाऱ्याच्या तशाच शेतकऱ्याला मिळायची नाही. आता पिवळं, केशरी, पांढरं, सगळी कार्डं चालतात.

५ लाख हे प्रत्येक माणसाला वेगळे नसतात. ते अख्ख्या कुटुंबाचे असतात. एकाच माणसाला सगळे लागले तर सगळे त्याच्यावर खर्च होऊ शकतात, पण मग त्या वर्षी घरातल्या दुसऱ्यासाठी काही उरत नाही. ७० वर्षांवरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं. ज्या घरात आधीच आयुष्मानचं कार्ड आहे तिथे आजी-आजोबांना या कार्डावर वेगळे ५ लाख मिळतात. ते काढायला फक्त आधार लागतं, उत्पन्न कोणी विचारत नाही. घरात ७० च्या वरचं कोणी असेल तर पहिलं काम हे करा.

आता कार्ड. आयुष्मान कार्ड काढायला पैसे लागत नाहीत. आशाताई, सेतू केंद्र, कंट्रोलचं दुकान, किंवा मोबाइलवरचं आयुष्मान ॲप, कुठूनही निघतं. अडतं ते दोन जागी. पहिली जागा म्हणजे अंगठा. कापसाचं बोंड फुटल्यावर त्याच्या कवचाची टोकं वाळून काट्यासारखी होतात. दिवसभर वेचणी करणाऱ्या बाईच्या अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांना ती टोचत राहतात. त्यात निंदणाचा विळा, फवारणीचं पाणी, चुलीची राख. पन्नाशीच्या आत बोटावरच्या रेषा अशा झिजतात की मशीन अंगठा घेतच नाही. चार वेळा पुसून, तेल लावून, पुन्हा दाबून शेवटी सेतूवाला म्हणतो, उद्या या. दुसऱ्या दिवशीही मशीन अंगठा घेत नाही. यावर दोन उपाय आहेत. आधारला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर ओटीपीवर काम होतं, नसेल तर ॲपमध्ये चेहरा दाखवून ओळख पटवण्याची सोय आहे. सेतूवाल्याला स्पष्ट सांगा, "अंगठा नको, ओटीपी किंवा चेहऱ्यावर करा." बऱ्याच ठिकाणी सवयीने फक्त अंगठ्याचं मशीन पुढे केलं जातं.

दुसरी जागा नावाची. रेशन कार्डावर "शांताबाई", आधारवर "शांता", सातबाऱ्यावर तिसरंच. सून लग्न होऊन ३ वर्षं झाली तरी तिचं नाव माहेरच्या कार्डावर. नातवाचं नाव कुठेच नाही. दवाखान्याच्या काउंटरवर हे निस्तरत बसायला वेळ नसतो, त्यामुळे घरात सगळे धडधाकट असतानाच कंट्रोलवाल्याकडे जाऊन कार्डाचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांक लिहून घ्या आणि त्या क्रमांकाखाली घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे का ते पाहा. लहान बाळाचं नाव चढलेलं नसेल तर जन्माचा दाखला आणि आई किंवा बाबासोबतचा बाळाचा फोटो जवळ ठेवा, त्यावर काम होतं. कागदांच्या या भागाला पाचपैकी अडीच गुण, त्याहून जास्त देता येत नाहीत. योजना गरिबासाठी आहे आणि गरिबाचेच कागद सगळ्यात विस्कटलेले असतात, हे ठाऊक असूनही सगळा भार त्याच्यावर टाकलेला आहे.

आता पैशाची पहिली वाट. इथेच सगळ्यात मोठी चूक होते. पोटात दुखतं म्हणून माणूस थेट जिल्ह्याच्या गावी खाजगी दवाखान्यात जातो. सोनोग्राफी, रक्त, ईसीजी, कधी सीटी स्कॅन. हे सगळं बाह्यरुग्ण म्हणून होतं, आणि बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च योजना देत नाही. योजना सुरू होते ती भरती होऊन, उपचाराला मंजुरी मिळाल्यावर. मंजुरी मिळाली तर त्या उपचारासाठीच्या तपासण्या पॅकेजमध्येच धरलेल्या असतात. पण आधी चार ठिकाणी फिरून केलेल्या तपासण्यांचे पैसे गेले ते गेले.

म्हणून जायचा क्रम उलटा करा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा सामान्य रुग्णालय इथे, केसपेपरपासून तपासणीपर्यंत सगळं मोफत आहे. केसपेपरचेही पैसे नाहीत. पहिली चिठ्ठी, रक्त, लघवी, एक्स-रे, आणि जिथे मशीन आणि डॉक्टर दोन्ही आहेत तिथे सोनोग्राफी, इथेच करून घ्या. या कागदांवर निदान झालं की मग पुढच्या दवाखान्यात जा, ते कागद घेऊन. एक बारकावा सांगायलाच हवा. ही मोफत सेवा आरोग्य विभागाच्या दवाखान्यांना लागू आहे. नागपूरचं मेडिकल किंवा मेयो, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची शासकीय महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात. तिथे केसपेपर आणि तपासण्यांचं थोडं शुल्क असतं. खाजगीच्या मानाने ते फार कमी आहे, पण खिशात काहीच नसेल तर तिथेही अडायला होतं. योजनेत नोंद झाली की तेही लागत नाही.

पुढच्या दवाखान्यात शिरण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो आणि बहुतेक लोक चुकीचा प्रश्न विचारतात. "तुमच्याकडे फुले योजना आहे का?" याचं उत्तर "आहे" असं येतं, ते खरंही असतं, आणि तरी तुमचं काम होत नाही. दवाखाना योजनेत असतो तो ठरावीक शाखांसाठी. हाडांसाठी असेल, मूत्रपिंडासाठी नसेल. कर्करोगाचं ऑपरेशन होत असेल, रेडिएशन नसेल. शिवाय काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवलेले आहेत, ते खाजगीत योजनेतून होतच नाहीत. म्हणून प्रश्न असा करा: "या चिठ्ठीवर लिहिलेला उपचार तुमच्याकडे योजनेतून होतो का?" हाच प्रश्न घरून निघण्याआधी १५५३८८ या टोल फ्री क्रमांकावर विचारता येतो. फोनवर आजाराचं नाव मराठीत सांगण्यापेक्षा चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलेलं नाव अक्षर-अक्षर वाचून सांगा. "पोटाचं ऑपरेशन" म्हटलं तर समोरचाही काही सांगू शकत नाही.

योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात योजनेचं काम पाहणारा आरोग्यमित्र बसतो. त्याचं टेबल बहुतेक प्रवेशद्वाराजवळ किंवा बिलिंगच्या बाजूला असतं, योजनेचा फलक लावलेला असतो. आधी त्याला भेटा, मग डॉक्टरांना. उलट क्रमाने गेलात तर तुमची नोंद पैसे भरणारा पेशंट म्हणून होते. एकदा तशी नोंद होऊन बिल सुरू झालं की मागे वळवणं त्रासाचं असतं. आणि हे वाक्य घरातल्या प्रत्येकाने पाठ करावं: भरलेले पैसे योजना नंतर परत करत नाही. ती कॅशलेस आहे, बिल दाखवून पैसे उचलायची सोय त्यात नाही. "आता भरा, मंजुरी आली की परत मिळतील" असं कोणी म्हटलं तर तिथल्या तिथे १५५३८८ ला फोन लावा.

आरोग्यमित्राने नोंद केली, डॉक्टरांनी तपासलं, की दवाखाना ऑनलाइन मंजुरी मागतो. त्याला सगळे प्री-ऑथ म्हणतात. कागद, फोटो, रिपोर्ट वर चढवले जातात आणि दुसऱ्या टोकाला डॉक्टर ते तपासतात. सगळं नीट असेल तर मंजुरी फार वेळ घेत नाही. वेळ जातो तो क्वेरीत, म्हणजे कागदांवर काढलेल्या शंकेत. रिपोर्टवर नाव वेगळं, एक्स-रेचा फोटो धूसर, सोनोग्राफीवर तारीख नाही, अपघाताच्या केसमध्ये एमएलसीचा, म्हणजे पोलीस-नोंदीचा कागद नाही, अशी कारणं असतात. क्वेरी आली की प्रकरण तिथेच अडकतं, आणि पेशंटला कोणी सांगत नाही. तो खाटेवर पडून "मंजुरी यायची आहे" एवढंच ऐकत राहतो. सोबतच्या माणसाने सकाळ-संध्याकाळ आरोग्यमित्राला विचारायचं: "क्वेरी आली का? कोणत्या कागदाची?" त्यातला निम्मा दोष घरच्या कागदांनी दूर होतो. मूळ रिपोर्ट कोणाच्याही हाती कायमचे देऊ नका. झेरॉक्सचे दोन संच आणि मोबाइलमध्ये प्रत्येक कागदाचा उजेडात काढलेला फोटो, एवढं जवळ असलं की बरीच धावपळ वाचते.

तातडीच्या वेळी हे सगळं करत बसायचं नसतं. अपघात, छातीत कळ, अर्धांगवायू यात फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू करायची तरतूद आहे, कागद मागून येतात. रस्ता अपघातासाठी केंद्राची वेगळी कॅशलेस योजना मे २०२५ पासून लागू आहे. तीत पहिल्या ७ दिवसांत दीड लाखापर्यंतचा उपचार बसतो.

दुसऱ्या वाटेत, म्हणजे भरती असतानाच्या उपचारात, दर्जाला आणि खर्चाला मात्र साडेचार गुण द्यायलाच हवेत. अँजिओप्लास्टी, मेंदूचं ऑपरेशन, केमोथेरपी, भाजलेल्या पेशंटचे दिवसच्या दिवस, ही कामं कोरडवाहू कुटुंबाला वावर विकल्याशिवाय कधी जमली नसती. आज ती कापसाच्या चुकाऱ्याला हात न लावता होतात. खाट, औषधं, भूल, रक्त, ऑपरेशनचं साहित्य, पेशंटचं जेवण, सगळं पॅकेजमध्ये असतं. हे माहीत नसल्यामुळे पैसे जातात. "बाहेरून आणा" म्हणून चिठ्ठी हातात पडते आणि नातेवाईक मुकाट्याने मेडिकल स्टोअरकडे पळतो. "योजनेतला रॉड साधा असतो, चांगला टाकायचा तर फरक द्या" हेही ऐकू येतं. फरक घेणं नियमात बसत नाही. स्टेंटची कमाल किंमत फेब्रुवारी २०१७ पासून आणि गुडघ्याच्या सांध्याची ऑगस्ट २०१७ पासून सरकारने बांधून दिलेली आहे, तेव्हा "इम्पोर्टेड" हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. तरीही पैसे द्यायची वेळ आलीच तर पावतीशिवाय देऊ नका. चिठ्ठी ठेवा, मेडिकलचं बिल ठेवा, रोख देण्यापेक्षा दवाखान्याच्या खात्यावर ऑनलाइन द्या. तक्रार टोल फ्रीवर होते, योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे होते, जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. पैसे घेतल्याचं दाखवता आलं की ते दवाखान्याकडून परत मिळाल्याची उदाहरणं आहेत. कोऱ्या हाताने केलेली तक्रार टिकत नाही.

एखादा उपचार योजनेच्या यादीत नसेल तर दोन दारं उरतात. धर्मादाय ट्रस्टच्या दवाखान्यांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, त्यामुळे तो दरवर्षी एप्रिलमध्येच काढून ठेवावा. दुसरं दार मुख्यमंत्री सहायता निधीचं. तिथली मदत दवाखान्याच्या खात्यात जाते, म्हणून अर्ज पेशंट भरती असतानाच करायचा.

आता चौथी वाट, जिच्यासाठी योजनेला दोनच गुण देता येतात. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. धारणीहून अमरावती दीडशेच्या आसपास, तेही घाट उतरून. योजनेतले मोठे दवाखाने नागपूर, वर्धा, अमरावती, अकोल्यात एकवटलेले. पेशंटला खाट आणि जेवण मिळतं, सोबतच्या दोघांना काही मिळत नाही. आठ दिवस दोन माणसांचं जेवण, चहा, ऑटो, आणि घरी बुडणारी दोन माणसांची रोजी, याचं बिल कोणी छापत नाही, पण घर उसनवारीत जातं ते याच बिलापायी. सावकाराकडून घेतलेले दवाखान्याचे पैसे बहुतेक वेळा ऑपरेशनसाठी घेतलेलेच नसतात, ते या आठ दिवसांसाठी घेतलेले असतात.

यातलं जितकं कमी करता येईल तितकं करा. जायला १०८ आहे. २०१४ पासून ही सेवा आहे, गाडीत डॉक्टर असतो, पैसे लागत नाहीत. ती आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात नेते. तिथून पुढे मोठ्या ठिकाणी न्यायचं तर तिथल्या डॉक्टरांनी संदर्भचिठ्ठी देऊन गाडी मागवावी लागते, म्हणून चिठ्ठी हातात पडताच गाडीचंही विचारून घ्या. सुट्टी झाल्यावर घरी सोडायचं काम १०८ करत नाही. गरोदर बाई, बाळंतीण आणि तान्ह्या बाळासाठी १०२ आहे, ती घरीही सोडते. एसटीत बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे. सिकलसेल, हिमोफिलिया आणि डायलिसिसच्या पेशंटलाही एसटीचा प्रवास मोफत आहे, त्यासाठी सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र लागतं. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, भंडाऱ्यात सिकलसेलची कितीतरी घरं आहेत आणि त्यातली अनेक आजही पूर्ण तिकीट काढून रक्त घ्यायला जातात. सोबत जायचं तर शक्यतो घरातली बाई जावी. तिचं भाडं निम्मं, आणि बायांच्या वॉर्डात रात्री थांबायला तिलाच परवानगी मिळते. मुंबईला टाटा कॅन्सर रुग्णालयात जावं लागलं तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, कर्करोगाच्या पेशंटसाठीच चालते. आपल्या शेंडगावच्या बाबांची ही पुण्याई अजून कामाला येते. शिवभोजन केंद्र दवाखान्याजवळ चालू असेल तर १० रुपयांत थाळी मिळते.

रोजी बुडण्यावर एकच उपाय आहे, तो म्हणजे वेळ निवडणं. हर्निया, हायड्रोसिल, मोतीबिंदू, पित्ताशयातले खडे, गर्भाशयाच्या गाठी, ही ऑपरेशनं आज नाही तर महिन्याने चालतात. लोक ती पेरणी आली म्हणून टाळतात, मग निंदण, मग सोयाबीनची सोंगणी, मग वेचणी. असं करत दोन वर्षं जातात आणि एके रात्री हर्निया अडकतो. उलट्या सुरू होतात, गाठ आत जात नाही, आतडं आवळलं जातं. दिवसा ठरवून झालेलं तीन दिवसांचं काम मग आयसीयूच्या दहा दिवसांवर जातं, आणि तेही ऐन हंगामात. फेब्रुवारी ते मे या काळात वावरात काम कमी असतं. दिवाळीतच चिठ्ठी काढून ठेवा आणि फेब्रुवारीत भरती व्हा. पूर्व विदर्भात हत्तीरोगामुळे होणारी हायड्रोसिलची ऑपरेशनं आणि सगळीकडे मोतीबिंदूची ऑपरेशनं सरकारी दवाखान्यांत मोफत होतात, त्यासाठी योजनेच्या ५ लाखांना हातही लावावा लागत नाही.

साप चावणं आणि फवारणीची विषबाधा यांचा योजनेशी तसा संबंध कमी, पण पैसा इथेच चुकीच्या दारात जातो. सर्पदंशाची लस सरकारी दवाखान्यात मोफत असते. २० मिनिटांत रक्त गोठतं का हे साध्या काचेच्या नळीत पाहून रक्तावर परिणाम करणारं विष चढलंय का ते कळतं, पण नाग-मण्यारच्या दंशात रक्त गोठलं तरी लस लागू शकते. वाटेत असतानाच फोन करून लस आहे का ते विचारा, नसेल तर ग्रामीण रुग्णालय गाठा. फवारणीत चक्कर, घाम, लाळ, बाहुल्या बारीक होणं दिसलं तर कपडे काढून साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत न्या. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीने २० च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. डब्यावरचं नाव दिसलं तर डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो, आणि विषबाधेत अर्धा तास फार असतो.

तिसरी वाट गोळ्यांची. सुट्टीनंतर सुरुवातीच्या किमान १० दिवसांची औषधं योजनेतून द्यायची असतात, ती काउंटरवरून मागून घ्या. पुढचं बहुतेक घरचं. बीपी आणि शुगरच्या रोजच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. एकदम महिन्याच्या मागा, दर आठवड्याला फेरी मारली तर भाड्यातच गोळ्यांचे पैसे जातात. तिथे नसलेलं औषध जनऔषधी केंद्रातून घ्या. तिथली किंमत बाजारातल्या पहिल्या तीन ब्रँडच्या सरासरीच्या निम्म्याहून जास्त ठेवता येत नाही. दुकानात ब्रँडचं नाव नको, औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम सांगा: अ‍ॅम्लोडिपिन ५, टेल्मिसार्टन ४०, मेटफॉर्मिन ५००. मेटफॉर्मिनच्या पुढे एसआर लिहिलेलं असेल तर ती हळूहळू विरघळणारी गोळी आहे, तिच्या जागी साधी घेऊ नका आणि ती मोडून तर मुळीच घेऊ नका. फिटच्या गोळ्या, थायरॉइडची गोळी आणि रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिन, या तिघींची कंपनी सारखी सारखी बदलू नये. बदलायचीच तर डॉक्टरांना सांगून एकदा बदला आणि तीच चालू ठेवा. बाकी औषधांत जेनेरिक म्हणजे हलकं, हा समज काढून टाका. स्वस्त गोळी रोज घेतली जाते, महागडी महिनाअखेर संपली की बंद पडते, आणि बंद पडलेल्या बीपीच्या गोळीचं बिल अर्धांगवायूने येतं.

शेवटी सुट्टीचा दिवस. त्या दिवशी पेशंटपुढे पाच-सहा कागद ठेवून सह्या किंवा अंगठे घेतले जातात. घरी जायची घाई असते, कोणी वाचत नाही. वाचा. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव, गोळ्यांची नावं आणि पुन्हा दाखवायची तारीख आहे का ते पाहा. योजनेतून किती रक्कम वापरली ते आरोग्यमित्राला विचारून कार्डाच्या मागे लिहून घ्या, वर्षभरात घरात दुसरं कोणी आजारी पडलं तर हा आकडा लागतो. त्या कागदांत एक छोटी पावती प्रवासभाड्याची असते. पेशंटला दवाखान्यातून घरी जायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं योजनेत धरलेलं आहे. त्यावर सही आधी होते आणि पैसे हातात येतातच असं नाही. पावतीवर लिहिलेली रक्कम मोजून घ्या, मगच अंगठा लावा.